विंचवाचें बिऱ्हाड

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या दृष्टीसमोर देवालयें, घाट, राजवाडे किंवा धबधबे उभे राहतात. ज्या स्थळाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोंत तेथें यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें वीज नाहीं, नळ नाहीं, धर्मशाळा नाहीं. आणि मुक्कामाबद्दल एक पैहि द्यावी लागत नाहीं. तरीहि दर हिंवाळ्यांत हजारों माणसें, आणि त्यांतलीं पुष्कळशीं आमच्याच वयाचीं, आपलें घर चाकांवर घालून तेथें येतात. अशा ठिकाणीं २०२४ सालच्या जानेवारींत आम्ही पांच दिवस राहिलों.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत अ‍ॅरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरीं नोकरीस आहेत. वाईच्या घरास कुलूप लावून आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. घर म्हणजे तीन भावांचा समाईक वाडा. त्याच्या वांटणीचे कागद दोन वर्षें तयार होते, आणि त्यांवर एकट्या आमचीच सही व्हावयाची राहिली होती. वडिलांनीं राखलेली वास्तु तुकडे होऊन जावी हें मनास पटत नव्हतें. ती रुखरुख बरोबर घेऊनच आम्ही समुद्र ओलांडला होता.

एके दिवशीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, शनिवारीं आपण वाळवंटांत राहायला जाऊं. घर मी भाड्यानें आणतों." घर भाड्यानें घेतात हें आम्हांस ठाऊक होतें, घर भाड्यानें आणतात हें नवीनच ऐकलें. शनिवारीं सकाळीं दारांत खरोखरच एक घर येऊन उभें राहिलें. बाहेरून पाहावें तर मोठी मोटार. आंत शिरावें तर चूल, शीतकपाट, चौघांचीं अंथरुणें आणि एका कोपऱ्यांत न्हाणीघरसुद्धां. तिकडे याला ‘आर्. व्ही.’ म्हणतात. सौ. सगळें निरखून म्हणाली, "अहो, विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तें हेंच कीं काय?"

फीनिक्सहून पश्चिमेस सुमारें १३० मैलांवर क्वार्ट्झसाइट नांवाचें लहानसें गांव आहे. तेथवर सरळ हमरस्ता जातो. वाळवंट म्हणतांच आमच्या मनांत मारवाडांतील वाळूच्या टेंकड्या होत्या. येथें मात्र जमीन खडकाळ, तिच्यावर काळसर खडे जणूं कोणी फरसबंदी केल्यासारखे बसलेले, आणि क्षितिजावर करवतीच्या दांत्यांसारखे डोंगर. मधून मधून सवारो नांवाचे पुरुषभर उंचीहून कितीतरी उंच निवडुंग उभे असतात. या झाडास पहिली फांदी फुटावयास बहुधा पन्नास ते सत्तर वर्षें लागतात. तोंपर्यंत तें नुसतें खांबासारखें वाढतें. त्याचें रोप लहानपणीं पालो व्हर्डी किंवा तशाच एखाद्या झाडाच्या सावलींत जगतें, आणि तें मोठें होईपर्यंत सावली देणारें झाड पुष्कळदां मरून जातें. हें ऐकून आम्ही उभयतां कांहीं वेळ गप्प होतों.

डोम रॉक डोंगराच्या पायथ्याशीं चिरंजिवांनीं गाडी वळविली आणि एका कोरड्या ओढ्याच्या पात्रांत नेली. तेथें वाळू मऊ होती. मागलें चाक रुतलें, आणि जों जों जोर लावावा तों तों अधिकच रुतूं लागलें. इतक्यांत समोरच्या एका जुन्या गाडींतून एक सत्तरीच्या बाई फावडें आणि दोन फळ्या घेऊन आल्या. त्यांनीं कांहीं न विचारतां चाकापुढची वाळू उपसली, फळ्या सारल्या आणि अर्ध्या तासांत गाडी बाहेर निघाली. मग त्या चिरंजिवांस म्हणाल्या, "ओढ्याच्या पात्रांत कधीं उतरूं नका. येथें आभाळ निरभ्र असतें आणि दूरच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचा लोंढा न सांगतां येतो." अशा रीतीनें आम्हांस शेजार मिळाला.

ही एवढी भूमि मोकळी कशी राहिली, असा प्रश्न वाचकांस पडेल, आम्हांसहि पडला. मूळची ती मोहावे आदि लोकांची. कोलोरॅडो नदीकांठीं त्यांच्यासाठीं १८६५ सालीं राखून ठेवलेलें क्षेत्र आजहि आहे. पुढें १८६२ च्या कायद्यान्वयें, जो जमीन कसून तेथें राहील त्यास १६० एकर देण्याचें धोरण अमेरिकन सरकारनें चालविलें. पाणथळ व सुपीक जमीन लोकांनीं घेतली. जेथें वर्षाकांठीं चार-पांच इंचच पाऊस पडतो तें रान कोणीं मागितलें नाहीं, म्हणून सरकारकडेच राहिलें. अशा जमिनींच्या देखरेखीसाठीं १९४६ सालीं ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हें खातें निघालें, आणि १९७६ च्या कायद्यानें त्या सामान्यतः विकून न टाकतां राष्ट्राच्याच ठेवाव्यात असें ठरलें. आज या खात्याकडे सुमारें साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून ती अधिक भरते. कोणास नकोशी झालेली भूमि अशा रीतीनें सर्वांची झाली.

मात्र सर्वांची म्हणजे बेवारशी नव्हे. साधारण नियम असा कीं अठ्ठावीस दिवसांत चौदाच दिवस एका ठिकाणीं राहावें, मग बिऱ्हाड उचलून दूर जावें. मळलेली वाट सोडूं नये; पूर्वीं कोणी उतरल्याच्या खुणा असतील तेथेंच उतरावें; मैला जमिनीवर सोडूं नये; आणि आणलेलें सर्व परत न्यावें. ज्यांस सारा हिंवाळा काढावयाचा असतो त्यांच्यासाठीं गांवाच्या दक्षिणेस ला पोसा नांवाचें मैदान आहे. तेथें शुल्क भरून १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहतां येतें.

आमच्या गाडींत पाण्याची टांकी सुमारें दीडशें लिटरांची होती. चार माणसें आणि पांच दिवस असा हिशेब सौ.नें लगेच मांडला. एका तांब्यांत अंघोळ, भांडीं आधीं कागदानें पुसून मग चुळकाभर पाण्यानें विसळावयाचीं, असा क्रम ठरला. सांडपाण्याची व मैल्याची टांकी निराळी. तीं भरल्यावर गांवांत ठराविक जागीं पैसे देऊन रिकामीं करावयाचीं. वीज छपरावरच्या सौरपट्ट्यांची. सकाळच्या संध्येस पळीभर पाणी हातावर घेतांना त्या पाण्याचें मोल आम्हांस जितकें कळलें तितकें कृष्णेच्या घाटावर जन्म काढूनहि कळलें नव्हतें. दिवसा ऊन कोंवळें, रात्रीं मात्र हातपाय गोठविणारी थंडी. आणि काय तें आकाश! आमच्या लहानपणीं वाईस अंगणांतून दिसे तितकें दाट नक्षत्रमंडळ पुष्कळ वर्षांनीं पाहावयास मिळालें. दूर कोल्ह्यांसारखे कायोट ओरडत होते.

दुसऱ्या दिवशीं आमच्या हातून एक प्रमाद घडला. संत्रीं खाऊन सालें आम्ही झुडपाखालीं टाकलीं. मातीची वस्तु मातींत जाईल, असा आमचा शास्त्रार्थ! थोड्या वेळानें शेजारीण बाई येऊन तीं सालें एकेक करून वेंचूं लागल्या. आम्ही ओशाळलों. त्या हंसून म्हणाल्या, "तुमच्या देशांत पाऊस पडतो. येथें साल कुजायलाहि पाणी लागतें, आणि तें नाहीं. महिनोन् महिने हीं सालें अशींच पडून राहतील." पुस्तकी विद्या देशकालाची चौकशी न करतां वापरली म्हणजे काय होतें, हें साठी उलटल्यावर आम्हांस असें शिकावें लागलें.

त्या संध्याकाळीं आम्ही त्यांस चहास बोलाविलें. त्या पूर्वीं एका ग्रंथालयांत नोकरीस होत्या. यजमान वारले, एकटीच्या निवृत्तिवेतनांत घराचें भाडें भागेना, तेव्हां उरल्या शिलकेंतून ही गाडी घेतली. असे लोक येथें पुष्कळ आहेत. त्यांच्यावर जेसिका ब्रूडर या लेखिकेनें लिहिलेलें ‘नोमॅडलँड’ हें पुस्तक २०१७ सालीं निघालें, आणि त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. कांहीं मंडळी हौसेनें येतात, कांहीं निरुपायानें. पुष्कळांस यांतलें कोणतें कारण खरें हें स्वतःलाहि नक्की सांगतां येत नाहीं.

सौ.च्यानें राहवलें नाहीं. तिनें सूनबाईंमार्फत विचारलें, "यांना मूलबाळ नाहीं का?" बाईंना एक कन्या होती. त्या दर उन्हाळ्यांत तिच्याकडे जात. पण निजत मात्र तिच्या अंगणांत उभ्या केलेल्या स्वतःच्या गाडींत. "म्हणजे तिलाहि मी हवीशी वाटतें आणि मलाहि ती," असें त्या म्हणाल्या. सौ.ला हें ऐकून वाईट वाटलें. आम्हांसहि वाटलें, पण हें तोडलेपण कीं शहाणपण, याचा निर्णय आम्हांस आजवर करतां आलेला नाहीं. संस्कृतांत ‘यत्रसायंगृह’ असा एक शब्द आहे. जेथें सायंकाळ होईल तेंच ज्याचें घर, असा विरक्त पुरुष. शाळेंत त्याचा विग्रह आम्ही फळ्यावर कितीदां तरी सोडविला. पण त्या विरक्तास सकाळीं गाडीचा हप्ता आणि गुडघ्याचें औषध यांची विवंचना नसे.

चौथ्या दिवशीं गांवांतील स्मशानभूमि पाहिली. तेथें दगडी पिरॅमिडावर उंटाची धातूची आकृति आहे. अमेरिकन लष्करानें वाळवंटांतील वाहतुकीसाठीं उंट आणविले, त्यांबरोबर १८५६ सालीं हाजी अली नांवाचा उंटवाला आला. तो प्रयोग पुढें बारगळला. हाजी अली मात्र परत गेला नाहीं. १९०२ सालीं येथेंच वारला. लोकांच्या जिभेवर त्याचें नांव ‘हाय जॉली’ झालें. त्याच्या नांवचें हें स्मारक १९३५ सालीं उभें राहिलें. ज्या गांवांत दर पंधरवड्यास बिऱ्हाडें हलतात, त्या गांवचें मुख्य स्मारक एका परदेशी वाटसरूचें असावें हें आम्हांस उचित वाटलें.

पांचव्या दिवशीं बाईंचे चौदा दिवस पुरे झाले होते. पहांटे बाहेर येऊन पाहतों तों त्या हातांत झाडू घेऊन आपली जागा झाडीत होत्या. कोणाचा तरी जुना खिळा, बाटलीचें बूच, दोरीचा तुकडा असें सगळें त्यांनीं पिशवींत भरलें. आम्ही म्हटलें, "हा कचरा तर तुमचा नाहीं." त्या म्हणाल्या, "जागाहि माझी नाहीं. पुढचा येईल त्याला ती नीट मिळावी." मग हात हलवून त्या निघून गेल्या.

त्यांच्या गाडीची धूळ बसेपर्यंत आम्ही उभे होतों. वाईच्या वाड्यास मालक तीन, आणि दोन वर्षांत अंगण झाडणारा एकहि नाहीं, ही गोष्ट तेव्हां प्रथम आमच्या मनास लागली. आमची सही अडून राहिल्यानें वास्तु राखली गेली नव्हती; नुसती बंद राहिली होती. आम्हांस अमेरिकेंत राहावयास सहा महिन्यांची मुदत होती. वाड्यांतील मुदतीचा आंकडा कोठें लिहिलेला नसतो, एवढाच भेद.

सौ.नें पहिल्या दिवशीं गाडीच्या पायरीपाशीं तांदळाच्या पिठाची चार ठिपक्यांची रांगोळी काढली होती. निघतांना तिनें ती ओल्या फडक्यानें टिपून घेतली. आम्ही वांकून जागेवरचे खडे पूर्वींसारखे सारखे केले.

फीनिक्सला परतल्यावर धाकट्या बंधूंस पत्र लिहिलें, कीं कागद पाठवा, सही करतों. मात्र आड आणि तुळशीवृंदावनापुढील चौक तिघांचा ठेवावा, आणि त्याची झाडलोट व डागडुजी प्रत्येकानें वर्षांतून चार महिने आपल्याकडे घ्यावी. त्यांचें उत्तर आलें. आड व चौक समाईक ठेवण्यास ते राजी आहेत. पाळीबद्दल समक्ष बोलूं, असें लिहितात. पहिले चार महिने आम्ही आमच्याकडे घेतले आहेत.