येनाची काच आणि श्रमाचे मोल

अलीकडे नव्या यंत्रांच्या वार्ता पंचांगातील तिथींप्रमाणे नेमाने येऊ लागल्या आहेत. दरसाल नवा फोन निघतो. त्याचा पडदा अधिक तेजस्वी, त्याचा कॅमेरा अधिक तीक्ष्ण, त्यातील चिप अधिक वेगवान. पोर्ट लुईच्या दुकानांत तो मांडला जाण्यापूर्वीच मॉरिशसमधील मराठी घरांतील तरुण मंडळींना त्याचे सारे गुण मुखोद्गत झालेले असतात. घरातील आजोबा मात्र ‘जुना चालतो आहे ना?’ एवढेच विचारतात, आणि त्या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही.

अशा काही फोनांच्या पाठीवर कॅमेऱ्याजवळ एक लहानसे नाव कोरलेले असते : झाइस. २००५ साली नोकियाच्या फोनवर ते प्रथम आले. पुढे इतर कंपन्यांनीही ते घेतले. हे नाव जर्मनीतील येना या गावचे. थुरिंजिया प्रांतात झाले नदीच्या काठी वसलेल्या या गावी १५५८ पासून विद्यापीठ आहे. संस्कृतचा जो महाकोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्ग येथून प्रसिद्ध झाला, त्याच्या कर्त्यांपैकी ओटो बॉटलिंक हा पंडित १८६८ पासून याच गावी राहत असे. १८४६ साली कार्ल झाइस या कारागिराने येथे सूक्ष्मदर्शकाची कार्यशाळा उघडली. १८६६ साली विद्यापीठातील एर्न्स्ट आब्बे हा तरुण पदार्थविज्ञानी त्याला येऊन मिळाला, आणि १८८४ साली ओटो शॉट याने उत्तम काच ओतणारा कारखाना काढला. कारागीर, शास्त्रज्ञ आणि काच ओतणारा अशा तिघांच्या मेळातून येनाची कीर्ती जगभर झाली.

आब्बेने १८७३ साली एक नियम मांडला, तो आज येनातील त्याच्या स्मारकशिळेवर कोरलेला आहे. त्याचा आशय असा की, भिंग कितीही निर्दोष घासले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीने घातलेली मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. त्याहून सूक्ष्म तपशील एकमेकांत मिसळून जातात. फोनच्या जाहिराती वाचताना हा नियम ध्यानी ठेवणे हिताचे आहे. ‘२०० मेगापिक्सेल’ म्हणून ज्याचा डंका वाजवला जातो, त्या कॅमेऱ्यातील एकेक पिक्सेल एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. उलट त्याच्या भिंगातून उतरणारा प्रकाशाचा ठिपका सामान्यतः दोन मायक्रॉनांहून रुंद असतो. ज्या ठिकाणी एक ठिपकाच अनेक पिक्सेलांवर पसरतो, त्या ठिकाणी पिक्सेलांची संख्या वाढवून तीक्ष्णता तितक्याच पटीने कशी वाढावी? म्हणूनच असे फोन बहुधा शेजारचे अनेक पिक्सेल एकत्र करूनच चित्र घेतात. आजोबांचा प्रश्न अगदीच भाबडा नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

चिपच्या बाबतीतही हाच नियम राज्य करतो. चिपवरील नक्षी प्रकाशानेच छापली जाते. जितकी तरंगलांबी कमी, तितकी रेघ बारीक. सर्वांत प्रगत चिपांसाठी आज १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरतात. हा प्रकाश काच गिळून टाकते. म्हणून भिंगांऐवजी निर्वात पोकळीत बसवलेले आरसे योजावे लागतात. नेदरलँड्समधील एएसएमएल कंपनीच्या यंत्रांकरिता हे आरसे झाइसच बनविते, मात्र येनात नव्हे, तर पश्चिमेकडील ओबरकोखेन येथे. झाइसची ही दोन घरे कशी झाली, ते पुढे येईलच.

मॉरिशसच्या मराठी माणसाने आब्बेचे नाव लक्षात ठेवावे, याचे कारण भिंगांच्या पलीकडचे आहे. आब्बेचा बाप आयझेनाख गावच्या सूतगिरणीत मुकादम होता. दिवसाचे चौदा, पंधरा, प्रसंगी सोळा तास तो उभ्याने राबे. लहानगा आब्बे दुपारचे जेवण घेऊन जाई, तेव्हा बाप यंत्राला टेकूनच ते घाईघाईने गिळी आणि भांडे मुलाच्या हाती देऊन पुन्हा कामाला लागे. हे दृश्य आब्बे विसरला नाही. १८८९ साली त्याने संस्था स्थापिली, तिला स्वतःचे नाव न देता झाइसचे दिले, आणि लवकरच आपली मालकी तिच्या स्वाधीन केली. १८९६ च्या नियमावलीत पगारी रजा व निवृत्तिवेतन आले. वंश, धर्म वा पक्ष पाहून कोणास डावलू नये असे ठरले. आणि सर्वोच्च अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहापटीहून अधिक असू नये, असे बंधन घातले गेले. १९०० साली कामाचे तास नवांवरून आठांवर आले. उत्पादन घटले नाही, हे आब्बेने हिशेब मांडून दाखविले.

त्याच शतकात हिंदी महासागरातील बेटावर काय चालले होते? १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे करारावर तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून आलेली कोकणातील व घाटावरील कुटुंबेही होती. करार पाच वर्षांचा, मजुरी महिना पाच रुपये, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. ती छायाचित्रे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. आज पणतू हौसेने स्वतःची छबी टिपतो. पणज्याची छबी पोलिसांना ओळख पटावी म्हणून टिपली गेली होती. भिंग दोन्ही वेळी निर्विकारच होते.

परंतु येनाला देव्हाऱ्यात बसविणेही योग्य नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याच कारखान्यात परदेशांतून आणलेल्या स्त्री-पुरुषांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. नियमावलीतील उदात्त शब्द त्यांच्या उपयोगी पडले नाहीत. १९४५ साली अमेरिकन सैन्याने निवडक तज्ज्ञ पश्चिमेस नेले, त्यातून ओबरकोखेनचा कारखाना उभा राहिला; पाठोपाठ आलेल्या रशियनांनी येनातील यंत्रे उचलून नेली. उरलेल्या माणसांनी पुन्हा उभारणी केली. १९५५ साली भिंगांची किचकट गणिते करण्यासाठी त्यांनी ‘ओप्रेमा’ हे पूर्व जर्मनीचे पहिले गणकयंत्र हजारो रिले जोडून तयार केले. १९८८ साली झाइस उद्योगसमूहाने ड्रेस्डेनमध्ये घडविलेली एक मेगाबिटची चिप राष्ट्रप्रमुख होनेकर यांना मोठ्या समारंभाने अर्पण केली. त्या वेळी जपानी कारखान्यांत तशा चिपांचे सर्रास उत्पादन होत होते. १९९० च्या एकीकरणानंतर येनातील हजारो कामगारांची नोकरी गेली. समारंभाच्या वार्तेत त्यांच्या भवितव्याचा उल्लेख नव्हता.

आजच्या वार्तांतही हा उल्लेख क्वचितच आढळतो. २०१४ साली मलेशियातील इलेक्ट्रॉनिक कारखान्यांची पाहणी झाली, तेव्हा चारांपैकी एकाहून अधिक कामगार सक्तीच्या श्रमाच्या स्थितीत असल्याचे दिसून आले. नेपाळ, बांगलादेश अशा देशांतून आलेली ही माणसे दलालाचे कर्ज डोक्यावर घेऊन राबत, आणि अनेकांचे पारपत्र दुसऱ्याच्याच ताब्यात असे. कर्ज, करार आणि काढून घेतलेला कागद, या तीन गोष्टी ज्यांच्या घराण्याने भोगल्या, त्यांना याचा अर्थ समजावून सांगणे न लगे.

नव्या यंत्राचे कौतुक जरूर व्हावे. त्यामागे दीडशे वर्षांची बुद्धी उभी आहे. तथापि पिक्सेल, वेग आणि किंमत यांबरोबरच ते जोडणाऱ्या हातांनी दिवसाचे किती तास काम केले, हेही विचारण्याची सवय तरुणांनी लावून घ्यावी. इतरांना हा प्रश्न कदाचित सुचणार नाही. गिरमिटियांच्या वंशजांना तो वारशानेच मिळालेला आहे.