सुपर मीटिऑरची पहिली ओळख

रविवार. बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातले रस्ते जरा मोकळे मिळतात ते अशा सकाळीच. मित्राने रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० चालवायला दिली. वजन २४१ किलो. स्टँडवरून सरळ करतानाच ते हाताला कळतं. पण सीटची उंची जेमतेम ७४० मिलिमीटर. दोन्ही पाय जमिनीवर पक्के टेकले आणि धाकधूक गेली.

खरा जीव इंजिनात आहे. ६४८ सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, क्रँक मात्र २७० अंशांचा. त्यामुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत आणि आवाजाला भरदार लय येते. शेजारच्या हूडीकडे निघालो, वरच्या गिअरमध्येही गाडी संथ, निवांत चालली.

अशा क्रूझरवर पाय पुढे टाकून बसायचं वेड आपल्याकडे जुनं. २००१ मध्ये बजाजने कावासाकी एलिमिनेटर आणली, तेव्हापासूनचं. पुढे २००५ मध्ये बजाजच्याच अ‍ॅव्हेंजरने ती ऐट आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आणली.

आठवडाभर डेडलाइनमागे धावणाऱ्या या वस्तीत अशी गाडी मला मोलाची वाटते. ती ऑफिसला वेळेत पोचण्यासाठी नाही. जुन्या मद्रास रस्त्याने कोलारच्या पुढे, वाटेवरच रमत जाण्यासाठी आहे. मी घेणार, हे आज ठरलं.