आधी कोलांटी

जिम्नॅस्टिक्स सोडून डायव्हिंगकडे आलेली मुलं बोर्डावर नुसती उभी राहिली तरी ओळखू येतात. पाय आपसूक जुळतात, पावलांची टोकं ताणली जातात, पोट आत जातं. पोहण्याच्या बॅचमधून आलेल्या पोराच्या अंगी हे बाणवायला वर्ष जातं, आणि तरी तो ऐन वेळी गुडघे वाकवतोच. शिवाय उलटं होण्याची भीती या मुलांनी लहानपणीच मागे टाकलेली असते. त्यामुळे असं कुणी तलावावर आलं की मी खूश होतो. लोभी माणसासारखा खूश होतो म्हणा ना. आणि तरीही ट्विस्टच्या उड्या सुरू झाल्या की सगळ्यांत जास्त घोळ हीच मुलं घालतात.

पालकांना हे पटत नाही. "अहो सर, ती फ्लोअरवर डबल ट्विस्ट मारायची," असं एक आई मला जरा दुखावल्या स्वरात म्हणाली. खरंच मारायची, मी व्हिडिओ पाहिले होते. घोट्याच्या दुखण्याने जिम्नॅस्टिक्स सुटलं, गादीवर उतरणं डॉक्टरांनी बंद केलं, आणि पाण्यात घोट्यावर भार येत नाही एवढ्या हिशेबाने मुलगी आमच्याकडे आली. एक मीटरच्या बोर्डावरून तिने ५१२२डी थोड्याच दिवसांत बसवली. हा आकडा वाचायला सोपा आहे. पाच हा ट्विस्टचा गट, एक म्हणजे पुढच्या दिशेची उडी, मग दोन अर्ध्या कोलांट्या आणि दोन अर्धे ट्विस्ट. 'डी' म्हणजे शरीराची ठेवण मोकळी. थोडक्यात, एक पूर्ण कोलांटी, एक पूर्ण ट्विस्ट, आणि पाय आधी पाण्यात. बाकीची मुलं कडेला बसून टाळ्या वाजवत होती. मी तिची कंबर बघत होतो. पावलं बोर्डावर असतानाच कंबर डावीकडे वळलेली होती.

पुढची पायरी ५१३२डी. फरक फक्त अर्ध्या कोलांटीचा, पण त्या अर्ध्याने माणूस पायांऐवजी डोक्यावर येतो. तिथे सगळं विस्कटलं. एक ट्विस्ट पूर्ण व्हायचा आणि ती फिरतच राहायची. सव्वा ट्विस्टवर कुशीवर आपटायची, मांडीवर लाल पट्टा घेऊन वर यायची आणि न बोलता पुन्हा शिडी चढायची. जाहीर केलेल्या ट्विस्टपेक्षा शरीर ९० अंश किंवा त्याहून जास्त इकडेतिकडे झालं, तर रेफरी उडीच बाद करतो. म्हणजे तिच्या त्या सगळ्या उड्यांना शून्यच.

तिला वाटत होतं, ताकद कमी पडतेय. म्हणून ती आणखी जोरात फिरायची. माझ्या मते ताकदीचा प्रश्नच नव्हता. आजवर तिचा ट्विस्ट तिने स्वतः कधी थांबवलाच नव्हता; तो गादी थांबवायची. पाय टेकले, तळव्यांनी जमीन धरली की उरलेलं फिरणं घोट्यांतून आणि गुडघ्यांतून जिरून जातं. इतकी वर्षं ते जिरवून जिरवून तिचा घोटा कामातून गेला असावा, असाही मला संशय आहे, पण मी डॉक्टर नाही. डायव्हरला मात्र अशी जमीन मिळत नाही. पाण्याला हात लागण्याआधी, हवेतच, फिरणं शून्यावर आणावं लागतं.

आणि हवेत काय थांबतं नि काय थांबत नाही, हे बोर्ड सोडण्याच्या क्षणीच ठरतं. पाय टेकलेले असताना खांदे-कंबर वळवून जे फिरणं घेतलं, ते बोर्डाकडून घेतलेलं असतं. ते परत करायला हवेत कुणी नाही. हात पसरले तर मंदावेल, पण संपणार नाही. दुसरा प्रकार वेगळा. आधी निव्वळ कोलांटी घेऊन बोर्ड सोडायचा. मग हवेत एक हात वर, दुसरा खाली असा फेकायचा. हात एका दिशेने फिरले की धड उलट दिशेने कलतं. उभा आस काही अंशच तिरका होतो. पण तेवढ्याने कोलांटीच्या गतीचा थोडा वाटा लांबीच्या आसाभोवती वळतो आणि शरीर पिळू लागतं. सरळ, हात आवळलेलं शरीर लांबीच्या आसाभोवती फिरवणं कोलांटीपेक्षा दहापटींहून सोपं असतं, म्हणून तो एवढासा कल पुरतो. यात नवीन फिरणं कुठून आणलेलंच नाही. त्यामुळे कल काढून घेतला की ट्विस्टही जातो आणि मूळची कोलांटी तेवढी उरते.

डायव्हर हवेत, कशाचाही आधार न घेता ट्विस्ट सुरू करू शकतो की नाही, यावर शहाण्या माणसांचाही बराच काळ गोंधळ होता. क्लिफ फ्रोलिक या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७९ साली त्यावर निबंध लिहिला आणि करू शकतो हे नीट मांडून दाखवलं. पुढे इंग्लंडमध्ये येडन यांनी जिम्नॅस्ट आणि डायव्हर दोघांच्याही ट्विस्टचं गणित बसवलं. नियमांची पुस्तकं हे आपल्या भाषेत सांगतात: ट्विस्ट उघडउघड बोर्डावरूनच घेतलेला दिसला तर प्रत्येक पंचाने अर्धा ते दोन गुण कापावेत. जिम्नॅस्टला ही कपात अन्यायाची वाटते. मला ती दयाळू वाटते.

हे सगळं तिला मी बाकावर बसवून सांगितलं. तिने मान डोलावली आणि लगेच पुढच्या उडीत कंबर बोर्डावरच वळवली. समजणं आणि घडणं यांत बोर्ड आडवा येतो. फ्लोअरवर पाय टेकून सुटायला सेकंदाचा जेमतेम आठवा-दहावा भाग लागतो. तेवढ्यात जे करायचं ते उरकावं लागतं. स्प्रिंगबोर्डवर हर्डलमधून, म्हणजे बोर्डाच्या टोकाकडे घेतलेल्या तयारीच्या उडीतून, उतरल्यापासून बोर्ड सोडेपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो. बोर्ड खाली जातो, थांबतो, मग वर फेकतो. झोका मागे येऊन थांबेपर्यंत जशी वाट बघतो तशी इथेही बघावी लागते, नाहीतर आपणच आपला जोर मोडतो. सोळा फुटांचा तो अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा घाई करणाऱ्याला काही देत नाही. आणि तिच्या शरीराला तो अर्धा सेकंद रिकामा वाटायचा. रिकामा वेळ दिसला की ती तो ट्विस्टने भरायची.

म्हणून मी ट्विस्ट बंदच केला. तिला ते अपमानाचं वाटलं, आणि आठवडाभर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. बोर्डाखालचं चाक मागे घेऊन बोर्ड मऊ केला आणि नुसत्या सरळ उड्या, पाय खाली, हात वर. पोहायला आलेल्या शाळकरी पोरांसमोर एका माजी जिम्नॅस्टने नुसत्या उड्या मारायच्या! मी एवढंच बघायचो की पायाची बोटं बोर्ड सोडताना दोन्ही कंबरहाडं समोरच्या भिंतीकडे आहेत का. मग पुढची दीड कोलांटी, १०३बी, ट्विस्टशिवाय. मग तीच कोलांटी, पण मध्ये उघडून हात बाजूला पसरायचे आणि तसंच जायचं. हात पसरण्याची ही जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हात रुंद असतील तरच त्यांच्या फेकीने धड कलतं. जिम्नॅस्टचे हात छातीशी आधीच गुंडाळलेले असतात, मग फेकायला उरतं काय?

मोबाइलवरचं स्लो मोशन चित्रण हे या कामातलं माझं सगळ्यांत मोठं साधन. पूर्वी मी कमरेबद्दल बोललो की मुलं माझ्यावर विश्वास ठेवून मान डोलवायची. आता स्वतःच बघतात आणि माझ्याआधी चुकचुकतात.

ट्विस्ट परत आला तो कोरड्यावर. ट्रॅम्पोलिन, वर छताला कप्प्या, कमरेला आतली कडी फिरणारा ट्विस्टिंग बेल्ट, आणि दोऱ्या माझ्या हातात. इथे मात्र जिम्नॅस्ट असण्याचं सोनं झालं. बेल्टमध्ये लटकून ती काय झालं ते मला नेमकं सांगू शकत होती: "आत्ता उशिरा फेकला, सर", "आत्ता डोकं आधी गेलं". दहातल्या नऊ मुलांना हवेत आपण कुठे होतो हेच कळत नाही. तिला हात फेकण्याची वेळ मी शब्दाने द्यायचो. तोंडाने 'हं' म्हणायचं, एवढंच. आधी कोलांटी दिसू दे, पाठ छताकडे येऊ दे, मग हं. सुरुवातीला माझ्या 'हं'च्या आधीच ती निम्मी फिरलेली असायची. नंतर 'हं' आणि हात एकत्र यायला लागले. मग मी 'हं' म्हणणं सोडून दिलं आणि तिने विचारलंसुद्धा नाही.

सुरुवात जमली तरी थांबणं शिकायचं होतंच. त्याची कृती ऐकायला साधी: ट्विस्ट पूर्ण होत आला की ज्या वाटेने हात आले त्याच वाटेने उलटे उघडायचे, दोन्ही बाजूंना पसरायचे आणि कमरेत वाकायचं. हात उघडले की कल निघतो, कमरेत वाकल्याने उरलंसुरलं मंदावतं, पाणी समोर दिसतं, आणि मग सरळ होत हात डोक्यावर जोडून आत जायचं. जिम्नॅस्टच्या सवयीला यातला प्रत्येक शब्द उलटा पडतो. शेवटच्या क्षणी ती जमीन शोधते, छाती वर उचलते, पायांखाली काहीतरी येईल अशी तयारी ठेवते. छाती उचलली की दीड कोलांटी तिथेच सव्वावर मरते. इथे मी तिला पाण्याकडे बघायला सांगण्याऐवजी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायला सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात नाही. पण गुडघे बघायचे तर वाकावंच लागतं.

ग्रेग लुगॅनिस लहानपणी नृत्य आणि जिम्नॅस्टिक्स करायचा. १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये त्याने स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्ही जिंकले. चीनची फू मिंगशिया जिम्नॅस्टिक्समधून आली आणि १९९२ साली बार्सिलोनात वयाच्या तेराव्या वर्षी प्लॅटफॉर्मचं सुवर्ण घेऊन गेली. पालकांना ही नावं फार आवडतात. मी ती जपूनच सांगतो, कारण दोघंही लहानपणीच पाण्यात उतरली होती. अठराव्या वर्षी येणाऱ्या शरीराच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. त्या पुसता येत नाहीत, आणि पुसूही नयेत असं माझं मत. तिचे ताणलेले पंजे, आवळलेल्या मांड्या, खांद्यांची लवचीकता (जिच्यामुळे पाण्यात शिरताना शिंतोडे जवळपास उडतच नाहीत), हे सगळं त्याच पोतडीतून आलेलं आहे. बदलायची होती ती फक्त वेळ.

एक गंमत म्हणून सांगतो. सिडनी विद्यापीठातल्या टाँग आणि डुलिन या दोन गणितज्ञांनी २०१७ साली ५१३एक्सडी नावाची उडी कागदावर मांडली: दीड कोलांटीत पाच ट्विस्ट. दहा अर्धे ट्विस्ट एका अंकात मावेनात, म्हणून रोमन दहा. मी ते तिला दाखवलं तर ती म्हणाली, "सर, मला आधी एक थांबवू द्या."

तो एक आता थांबतो. रोज नाही. दमली असेल किंवा कडेला कुणी ओळखीचं बसलं असेल तर कंबर बोर्डावरच वळते, आणि पाण्यातून वर येतानाच तिच्या चेहऱ्यावर ते दिसतं. महिलांच्या स्प्रिंगबोर्ड स्पर्धेत पाच उड्या असतात, पाचही वेगवेगळ्या गटांतल्या. म्हणजे ट्विस्टला बगल देता येत नाही. एक मीटरवरून ५१३२डी चा काठिण्यगुणांक २.२. फार नाही, पण स्वच्छ आली तर पुरतो. मी ती यादीत तिसरी ठेवतो. पहिल्या उडीला धडधड असते, पाचवीला हिशेब असतो. मधे माणूस जरा माणसात असतो.

सध्या मागच्या उडीचं काम चालू आहे: ५२३१डी, मागे दीड कोलांटी, अर्धा ट्विस्ट. इथे नवीनच पेच आहे. ती डावीकडे फिरते, आणि पुढच्या कोलांटीत त्यासाठी डावा हात वर, उजवा खाली जातो. मागच्या कोलांटीत कोलांटीची दिशाच उलट, त्यामुळे डावीकडेच फिरायचं असेल तर उजवा वर, डावा खाली. तिने हे ऐकून माझ्याकडे असं बघितलं, जणू नियम मीच केलाय. मग कागदावर बाण काढून स्वतः ताडून बघितलं, बेल्ट बांधला, आणि पहिल्याच फेकीत हात जुन्याच बाजूला गेले. दोऱ्या अजून महिनाभर तरी माझ्याच हातात राहतील, असा माझा अंदाज आहे. तिच्या मते आठवडाभर.