आधी पत्रा, मग इंजिन

जुनी माझदा मियाटा बघायला जाताना मी टॉर्च आणि पाण्याची बाटली बरोबर नेतो. कापडी छत सीटमागे जिथे बसतं, तिथे दोन्ही कोपऱ्यांत पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी वाट ठेवलेली असते. तिच्यात थोडं पाणी ओतायचं आणि गुडघे टेकून खाली बघायचं. मागच्या चाकाच्या जरा पुढे धार लागली, तर उत्तम. नाही लागली, तर पानं-माती साचून वाट तुंबली आहे आणि पाणी दाराखालच्या पोकळ भागात मुरतंय. तो भाग अंगठ्याने दाबून बघावा. रंगाला फुगवटा असेल किंवा पत्रा करकरला, तर मी मालकाचे आभार मानून निघतो. इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे ही तपासणी आमच्याकडे सगळ्यांत आधी.

इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. गंजलेली बॉडी मात्र कधी पूर्ववत होत नाही, आणि ऑटोक्रॉसमध्ये सगळा भार तिच्यावरच येतो. भारतात ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचा ट्रॅक आणि धुळीचे लोट डोळ्यांपुढे येतात. इथे मोठ्या पार्किंग लॉटमध्ये किंवा वापरात नसलेल्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडतात, त्यांतून गाडी एकटीच धावते आणि स्पर्धा वेळेशी असते. फेरी साधारण मिनिटभराची. कोन पाडला, की दोन सेकंदांचा दंड. बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच असते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे वजन फेकलं जातं आणि सस्पेन्शन जिथे जिथे बॉडीला जोडलंय तिथे तिथे हिसके बसतात.

म्हणूनच १९८९ साली आलेली ही छोटी माझदा अजून या खेळात टिकून आहे. पहिल्या पिढीचं १.६ लिटरचं इंजिन जेमतेम ११६ अश्वशक्तीचं, पण वजन हजार किलोच्या आसपास, पुढे-मागे जवळजवळ समान वाटलेलं, आणि चारही चाकांना डबल विशबोन. नवशिक्याने ताकदवान गाडी घेऊ नये, असं मी ठामपणे सांगतो. होंडा एस२००० मला मनापासून आवडते, नऊ हजारांच्या घरात जाणारं ते इंजिन म्हणजे नजराणाच. पण ताकद हाताशी असली की वळणात झालेली चूक पुढच्या सरळ पट्ट्यात भरून निघते आणि चालवणाऱ्याला ती कळतच नाही. मियाटात वेग एकदा घालवला की गेला. पुढच्या फेरीत ब्रेक कुठे सोडायचा, हे मग आपोआप सुचायला लागतं.

बॉडी पसंत पडली की पुढचं बघायचं. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड असतं. तिथली पुली ढिली होऊन खाच झिजते आणि मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. गाडी थंड असतानाच चालवायला मागावी आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर टाकून बघावा. खरखरला तर सिंक्रो झिजलाय, आणि आपलं सगळं काम तर दुसऱ्यावरच. मागचा डिफरन्शियलही विचारावा. साधा असेल, तर घट्ट वळणातून निघताना आतलं हलकं झालेलं चाक नुसतं फिरत राहतं. १९९४ पासून १.८ इंजिनाच्या काही गाड्यांत टॉर्सन मिळतो. तो असेल तर जास्त पैसे मोजायला माझी हरकत नसते.

हल्ली एक तरुण माझ्याकडे येतो, मूळचा पुण्याचा. त्याने दोन गाड्या हेरल्या होत्या. एकीला टर्बो, खाली बसवलेलं सस्पेन्शन, रुंद चाकं. दुसरी साधी, रंग उडालेला, पण मालकिणीकडे सगळ्या बिलांची फाइल.

"काका, पहिलीत एवढं सगळं आयतं मिळतंय!"

"ते सगळं कोणी बसवलं, कसं बसवलं, सांगता येईल का तुला?"

शिवाय टर्बो लावला की गाडी 'स्ट्रीट' वर्गातून बाहेर पडते आणि थेट मुरलेल्या स्पर्धकांच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. नवख्याला साध्या गाडीचा वर्गच बरा. टायरांवर २०० ट्रेडवेअरची किमान अट असल्याने खर्चही जरा आवाक्यात राहतो. ही अट सांभाळून मिळणारे टायर जबरदस्त पकड देतात, आणि वेळ कमी करायला त्यांच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. म्हणून गाडीचा सौदा करण्याआधीच टायर आणि व्हील अलाइनमेंटचे पैसे मी त्याला वेगळे काढायला लावले. त्याने फाइलवाली गाडी घेतली. कोपऱ्यातलं पाणी दोन्ही बाजूंनी नीट वाहिलं. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर तेवढा गळतोय. तो या गाड्यांत गळतोच. शनिवारी सकाळी तो बदलायचा आणि दुपारी अलाइनमेंटला न्यायची, असं ठरलंय.