गहाण सोने

आपल्या घरांत सोने मिरवण्यासाठी कमी आणि अडीनडीसाठी अधिक घेतले जाते. पाऊस रुसला की माझ्या आजीच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडत आणि सुगी साधली की सोडवून आणल्या जात. मधल्या काळात आजी पदर मनगटापर्यंत ओढून घेई. म्हणूनच १९९१ च्या जुलैत भारताने सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण टाकले, हे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मला आकड्याआधी तो पदर दिसला.

देशावर अशी पाळी येते तरी कशी? केवळ गरिबीने? तसे असते तर गरीब देशांची चलने रोजच कोसळली असती. १९९० मध्ये आखातात संघर्ष पेटला, तेल महागले, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले आणि थोड्या मुदतीची कर्जे वाढवून द्यायला परदेशी बँका राजी होईनात. गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली.

थायलंडची कथा याहून बोलकी आहे. तेथे डॉलरचा भाव सुमारे २५ बाटला बांधलेला होता. तो हलणारच नाही, या भरवशावर अल्प मुदतीचे डॉलर उचलून बँकॉकमध्ये इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. भाडे यायचे बाटमध्ये, कर्ज फेडायचे डॉलरमध्ये! विश्वास डळमळताच सावकारांनी हात आखडले. भाव सांभाळता सांभाळता गंगाजळी आटली आणि २ जुलै १९९७ रोजी बाट मोकळा सोडावा लागला. सहा महिन्यांत डॉलरला पन्नासाहून अधिक बाट पडू लागले. नवा पैसा न घेताच कर्ज दुप्पट झाले!

ती लाट दक्षिण कोरियापर्यंत गेली. १९९८ च्या आरंभी तेथील लाखो लोकांनी रांगा लावून लग्नाच्या अंगठ्यासुद्धा देशासाठी आणून दिल्या. कर्जे काढली होती बड्या उद्योगसमूहांनी आणि बँकांनी; अंगठ्या उतरल्या त्या सामान्यांच्या बोटांतून.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते अंथरूण आपले की मागून आणलेले, आणि परत कधी द्यायचे, हेही पाहायला हवे. कारण ते अवचित ओढून घेतले गेले, की पाय पसरणारे क्वचितच कुडकुडतात. कुडकुडतात ते कोपऱ्यात अंग चोरून झोपलेले.