भट्टीतला सव्वा तास

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मी एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात काम करते. डाय बनवणाऱ्यांचे पोलादी ठोकळे आमच्याकडे येतात. आम्ही ते ८५० अंशांच्या भट्टीत तापवतो आणि मग तेलात बुडवून कडक करतो. ठोकळा किती वेळ भट्टीत ठेवायचा, याचा नियम जुना आहे : इंचाला एक तास. आमचे नेहमीचे ठोकळे ईएन-२४ पोलादाचे, १०० मिलिमीटर जाड. म्हणजे चार इंच, चार तास.

दोन वर्षांपूर्वी विजेचं बिल हातात घेऊन मालक माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "चार तास खरंच लागतात का? तुम्ही इंजिनिअरिंग शिकलाय, जरा गणित करून बघा की."

मी हो म्हटलं. कॉलेजात हे शिकले होते, मार्कही बरे पडले होते. कागदावर सोपं वाटलं. ठोकळ्याच्या जाडीचे पातळ काप कल्पायचे. प्रत्येक काप शेजारच्या दोन कापांशी उष्णतेची देवाणघेवाण करतो. दर सेकंदाला हिशोब करायचा आणि पुढच्या सेकंदाकडे जायचं. हे एक्सेलमध्येही होतं. आडव्या रांगेत काप, उभ्या रांगेत सेकंद.

मी ५ मिलिमीटरचे वीस काप घेतले आणि एक सेकंदाचं पाऊल. पहिल्या रात्री ठोकळा फारच हळू तापत होता. भट्टीतली बहुतेक उष्णता किरणांनी येते, आणि त्या सूत्रात तापमानाचा चौथा घात घेतात. तिथे तापमान केल्व्हिनमध्ये लागतं, मी सेल्सिअसच घातलं होतं. २७३ मिळवल्यावर ठोकळा नीट तापायला लागला. ही चूक कॉलेजातल्या पोरालाही कळली असती, म्हणून कारखान्यात कुणाला सांगितली नाही.

मग मला हाव सुटली. आलेख आणखी गुळगुळीत दिसावा म्हणून मी काप अडीच मिलिमीटरचे केले. बारीक केलं की अचूक होणार, असा साधा विचार. सेकंदाचं पाऊल तसंच ठेवलं. सातव्या-आठव्या ओळीतच एक काप उणे हजारांत आणि त्याच्या शेजारचा अधिक हजारांत गेला. खाली तर नुसते चूक झाल्याचे शेरे, आकडा एकही नाही. सूत्रं तीच होती. दोन रात्री मी प्रत्येक घर तपासत बसले. माझंच टायपिंग चुकलंय, एवढंच डोक्यात होतं.

शेवटी कॉलेजातल्या सरांना फोन केला. त्यांनी सूत्रं बघितलीही नाहीत. म्हणाले, "वेळेचं पाऊल किती आणि कापाची जाडी किती, एवढंच सांग."

त्यांनी सांगितलेला हिशोब देते, कारण तुमच्या दोन रात्री वाचतील. पदार्थाची डिफ्युजिव्हिटी (त्यातून तापमान किती वेगाने पसरतं तो आकडा) गुणिले वेळेचं पाऊल, भागिले कापाच्या जाडीचा वर्ग. येणारा आकडा अर्ध्याच्या वर जाता कामा नये. पोलादाची डिफ्युजिव्हिटी मी ०.००००१२ चौरस मीटर प्रति सेकंद धरली होती. ५ मिलिमीटरला आकडा येतो ०.४८. म्हणजे पहिल्यांदा मी काठावर वाचले होते, आणि मला ते माहीतही नव्हतं. अडीच मिलिमीटरला तोच आकडा होतो १.९२.

अर्ध्याच्या वर गेलं की एक काप एका पावलात हवी त्याहून जास्त उष्णता उचलतो आणि शेजाऱ्याहून गरम होऊन बसतो. पुढच्या पावलात तो त्याहून जास्त परत करतो. प्रत्येक पावलाला हे वाढत जातं. काप निम्मे केले तर वेळेचं पाऊल चौथाई करावं लागतं. काप दुप्पट आणि पावलं चौपट, म्हणून कामही आठपट. पावलाचं बंधन नको असेल तर दुसरी रीत आहे, ती क्रँक आणि निकोल्सन यांनी १९४७ साली मांडली. त्यात आकडे फुटत नाहीत, पण प्रत्येक पावलाला सगळ्या कापांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात. मी आपली साधीच रीत ठेवली आणि पाऊल पाव सेकंद केलं.

सरांनी आणखी एक करायला लावलं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असं एक गणित प्रोग्रॅमला घालायचं. ३० अंशांच्या ठोकळ्याचे दोन्ही पृष्ठभाग एकदम ८५० अंशांना नेऊन तिथेच धरले, तर २०० सेकंदांनी मध्यभागी किती? हे सूत्राने हातानं काढता येतं. ७५२ अंश येतात. माझं उत्तर एका अंशाच्या आत आलं. पाऊल निम्मं करून पाहिलं, उत्तर जवळजवळ हललं नाही. पृष्ठभागातून आत शिरलेली एकूण उष्णता आणि ठोकळ्यात साठलेली उष्णता यांचा जमाखर्चही जुळला.

त्या दिवशी मी खूश होते. मग खऱ्या भट्टीचं गणित चालवलं. ठोकळ्याचा गाभा ८४० अंशांच्या वर जायला किती वेळ? सव्वा तास. चारऐवजी सव्वा! रंगीत प्रिंट काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, उद्याच एक चार्ज, म्हणजे भट्टीतला एक घाणा, असा काढू.

भट्टीवरचे मामा तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी आलेख उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, एका भंगार ठोकळ्याला भोक पाडू. आत वायर घालू. मग बघू."

मला राग आला. आता हे कबूल करायला हरकत नाही. वाटलं, एवढा हिशोब जुळलाय आणि ह्यांना अजून भोक पाडायचंय. पण मालक मामांच्या शब्दाबाहेर नाहीत. ३०० मिलिमीटर चौरस ठोकळ्याच्या बाजूनं, जाडीच्या बरोबर मधोमध, १५० मिलिमीटर खोल भोक पाडलं आणि त्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी वायर, बसवलं. भोक वरून पाडायचं नाही, बाजूनं पाडायचं, हे मामांनीच सांगितलं. वरून पाडलं तर वायर स्वतःच वरची उष्णता खाली आणते आणि आकडा फसवा येतो.

तो ठोकळा आणखी तिघांसोबत भट्टीत गेला. सव्वा तास झाला तेव्हा गाभा ६९० अंशांवर होता. मी गप्प उभी. पुढे ७३० च्या आसपास काटा जवळजवळ थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला खरंच आशा वाटली की वायर बिघडली असेल.

मामा म्हणाले, "बिघडलं न्हाई मॅडम. त्यो तिथं दम खातोय. रोजच खातो."

गाभा ८४० वर पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. माझ्या आकड्यावर चार्ज काढला असता तर ठोकळे आतून कच्चे राहिले असते, आणि ते गिऱ्हाईकाकडे गेल्यावर कळलं असतं.

माझं गणित बरोबर होतं. गणितात घातलेलं पोलाद चुकीचं होतं. मी सगळे गुणधर्म पुस्तकातल्या पहिल्या ओळीतले, म्हणजे खोलीच्या तापमानाचे घेतले होते. पोलाद तापत जातं तशी त्याची उष्णता वाहण्याची ताकद कमी होते. साध्या कार्बन पोलादात ८०० अंशांना ती जवळपास निम्मी उरते. उलट एक अंश चढवायला लागणारी उष्णता वाढत जाते, ७०० अंशांना ती सुरुवातीच्या दुप्पट असते. आणि ७२७ अंशांच्या आसपास पोलादाची आतली रचनाच बदलायला लागते. त्या बदलाला उष्णता लागते, म्हणून तापमान अडून राहतं. मामा ज्याला दम खाणं म्हणतात ते हेच. हे मी धातुशास्त्राच्या पेपरात लिहिलं होतं. प्रोग्रॅममध्ये लिहायचं सुचलं नाही.

दुसरी चूक त्याहून साधी. भट्टी कायम ८५० वर असते असं मी धरलं होतं. दार उघडून थंड ठोकळे आत गेले की ती ७०० च्या आसपास उतरते आणि सावरायला पाऊण तास घेते. हे रेकॉर्डरच्या कागदावर रोज छापलं जातं. तो कागद मीच फाईल करते.

रविवारी सरांना सांगायला गेले. त्यांनी मला रिचर्डसनची गोष्ट सांगितली. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करता करता हवामानाचा हिशोब हाताने केला. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचं सहा तासांचं भाकीत काढायला त्याला जवळजवळ सहा आठवडे लागले. उत्तर आलं : हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ साली त्याने आपल्या पुस्तकात हे चुकलेलं भाकीत जसंच्या तसं छापलं. पुढे लोकांनी तपासलं तेव्हा दिसलं की मुख्य दोष रीतीत नव्हता. सुरुवातीला घेतलेले वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. पावलाची अट कूरांट, फ्रीड्रिश्स आणि लेवी यांनी १९२८ साली मांडली, पुस्तकानंतर सहा वर्षांनी. सर म्हणाले, तुझ्या दोन्ही चुका, पावलाची आणि आत घातलेल्या आकड्यांची, शंभर वर्षं जुन्या आहेत. थोडं बरं वाटलं.

मग मी गुणधर्मांचा तापमानानुसार तक्ता घातला. ८५० च्या जागी रेकॉर्डरवरचं खरं तापमान दर मिनिटाला दिलं. आता उत्तर मोजलेल्या वेळेच्या दहा मिनिटांच्या आत आलं. एकदा जुळलं म्हणून मी थांबले नाही, कारण तक्ता जुळवून घेताना उत्तर मला माहीत होतं. आणखी तीन चार्जला वायर घातली, आणि प्रत्येक वेळी आकडा भट्टी उघडण्याआधी कागदावर लिहून मामांच्या खिशात ठेवला. तिन्ही वेळा जवळपास जुळला. गाभा तापल्यावर अर्धा तास राखून, चारऐवजी सव्वातीन तासांवर आम्ही आलो. मालकांना वाटलं होतं तेवढी वीज वाचली नाही, पण दर चार्जमागे पाऊण तास वाचतो.

कुणी असं काही करायला बसलं तर मला एवढंच सांगायचंय. जी चूक आकडे फोडते तिला घाबरू नका. ती आरडाओरडा करते, तुम्ही तिला शोधता. माझा सव्वा तास मात्र गप्प होता. आलेख गुळगुळीत, जमाखर्च चोख, आणि आत भलतंच पोलाद. पाऊल निम्मं करून बघणं आणि माहीत असलेलं गणित सोडवून घेणं या दोन्ही गोष्टी कराच, पण त्यातून एवढंच कळतं की समीकरणं नीट सुटली. समीकरणं तुमच्या भट्टीची आहेत का, हे कळायला भोकच पाडावं लागतं.

तो भंगार ठोकळा भट्टीशेजारी आहे. नव्या जाडीचं काम आलं की मामा आता विचारत नाहीत. भोक कुठे पाडायचं ते खडूनं मीच खूण करून देते.