तक्ता क्रमांक एक

वैद्यकीय शोधनिबंधातला पहिला तक्ता माणसांचा असतो. औषधाने किती जणी जगल्या, किती दगावल्या, हे सारे मागाहून येते. आधी चाचणीत कोण होते ते सांगावे लागते. सरासरी वय, आजाराचा टप्पा, आणि मग वंश: गोऱ्या, कृष्णवर्णीय, आशियाई, इतर. हा तक्ता वाचताना साहित्याच्या माणसाने बिचकायचे कारण नाही. कोण कोणाच्या वतीने बोलते आहे, हे विचारण्यातच आपली हयात जाते. 'प्रातिनिधिक' हे विशेषण तर आपण उठताबसता वापरतो.

मी मात्र तो प्रथम वाचला तो गरजेपोटी. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला आणि एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणार का, असे तिला विचारण्यात आले. तशाच औषधावरचा आधीचा एक निबंध तिने मला धाडला. ताईचा सारा जन्म हिशेबतपासणीत गेलेला. आकडे तिला माझ्याहून अधिक कळतात. तिचा प्रश्न निराळाच होता: "यातली मी कोणती गं?"

उत्तर सोपे होते: आशियाई. पण बहुराष्ट्रीय चाचण्यांमधल्या 'आशियाई' स्त्रिया पुष्कळदा जपान, कोरिया, तैवान इथल्या रुग्णालयांतून आलेल्या असतात. वाईत जन्मून तीस वर्षे एडिसनला राहिलेली आमची ताई आणि ओसाकातली कोणी आजी, या दोघींना एका रकान्यात बसवणारी गोष्ट त्यांच्या गर्भाशयात नाही, अर्जात आहे. अमेरिकेतले हे वर्ग १९७७ साली ठरवले ते तिथल्या सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, आणि ते शास्त्रीय मानू नयेत असे त्या निर्देशातच नमूद केले होते. निर्देश राहिला, सूचना मात्र कोणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

माझी नजर खिळली ती शेजारच्या रकान्यावर. अमेरिकेत या कर्करोगाने कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात. आजाराचे आक्रमक प्रकारही त्यांच्यात अधिक आढळतात. म्हणजे नव्या औषधाची निकड ज्यांना सर्वाधिक, त्यांचाच आकडा त्या निबंधात शेकडा चारपाचांवर अडकलेला. इतिहास ठाऊक असला की हे अधिकच बोचते. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या मॉन्टगोमेरी इथे मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, वारंवार शस्त्रक्रिया करून आपले तंत्र सिद्ध केले. त्यांतल्या तिघींचीच नावे आज उरली आहेत: अनार्का, बेट्सी, ल्यूसी. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखातल्या गाठीच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढत आहेत. ज्यांच्या देहांवर हे शास्त्र शिकले, त्यांना त्याच्या तक्त्यात मात्र जागा उरली नाही. शासकीय निधीतून होणाऱ्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य असलेच पाहिजेत, असा कायदा करायला अमेरिकेला १९९३ साल उजाडावे लागले.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: 'त्यांचा विश्वासच नाही, त्या येत नाहीत.' असा इतिहास असताना अविश्वास असला तर नवल नाही. पण २००६ साली वीस अभ्यासांमधल्या सत्तर हजारांहून अधिक माणसांचा आढावा घेतला गेला, तेव्हा ज्यांना विचारले त्यांच्या होकारात वंशानुसार फारसा फरक आढळला नाही. मुळात विचारले किती जणींना, हा खरा प्रश्न. शिवाय विचारण्याआधीच गाळणारी जाळी असते. चाचणीत शिरायला रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी अमुक संख्येहून कमी नसाव्यात अशी अट बहुधा असते. आफ्रिकी वंशाच्या अनेकांमध्ये ही संख्या उपजतच कमी असते आणि त्यात आजार काही नसतो. अट कोणा दुष्टाने घातलेली नाही. ती घालताना डोळ्यांसमोर जो देह होता तो गोरा होता, इतकेच.

याहून मला अस्वस्थ करून गेला तो चार मिलिमीटरचा आकडा. पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाला तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. चार मिलिमीटर किंवा कमी भरली तर कर्करोगाची शक्यता फार थोडी, सहसा बायॉप्सीची गरज नाही. हा उंबरठा ज्या अभ्यासांवर उभा राहिला त्यांतला एक महत्त्वाचा अभ्यास १९९५ चा, नॉर्डिक देशांतला. २०२४ साली केमी डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कर्करोग झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची मोजमापे तपासली, तेव्हा दर दहांत एकीहून थोड्या अधिक जणी या उंबरठ्याच्या आतच होत्या. नुसत्या जाडीवर विसंबले असते तर त्यांना 'काळजी नको' असे सांगून घरी पाठवले गेले असते. तक्त्यातली अनुपस्थिती ही अशी दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन पोचते.

ताईने डॉक्टरांना विचारले, आमच्यासारख्या मूठभरच असतील तर औषध आम्हांला लागू पडते की नाही हे कसे कळणार? ते म्हणाले, या एका चाचणीतून कळणार नाही. या उत्तरावर तिने सही केली. (मी असते तर केली असती का, याचा विचार मी अजून पुरा केलेला नाही.)

पण रकान्यात जागा मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असे मानायला मी तयार नाही. आणि याचे कारण मराठवाड्यातच आहे. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक प्रचंड चाचणी झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांची ती. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. तुलनेच्या गटाला 'नेहमीची सेवा' मिळाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिल्या गटात सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात साडेएकतीस हजारांत ६४.

या तुलनेच्या गटावरून पुढे बराच वाद झाला. त्या गावांत सरकारी तपासणी होतीच कुठे, हे चाचणीकारांचे म्हणणे तर्काने खोडता येत नाही. तरीही 'नेहमीची' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नाही, हे त्या सहा अक्षरांत कुठेच दिसत नाही.

एचपीव्ही तपासणी हीच प्राथमिक चाचणी असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. तिच्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादच्या या बायका आहेत. त्याच सुमारास, २०१९-२१ मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया तीत शंभरात दोनही भरल्या नाहीत.